साडेसहा किलोंचा आळ

मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचं एक कपाट, गजांची एक खिडकी आणि दाराला आतून लागणारी एक कडी होती. मला जमिनीशी जखडणारे बोल्ट चार. दारावर पाटी होती: 'मुख्य प्रशिक्षक, महिला फुटबॉल संघ'.

मित्रांनो, कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, छातीवर गोल तबकडी लावली आणि पाठीमागे एक लहानशी चकती दिली. काटा शून्यावर नसेल तर त्याला शून्यावर आणायचं, एवढंच तिचं काम. पहिली आठ वर्षं मी खेळाडूंची वजनं इमानेइतबारे सांगितली. सामान सांभाळणाऱ्या मावशी दर शनिवारी बारा चेंडूंची पिशवी माझ्यावर ठेवायच्या, कारण प्रवासात सामानाच्या वजनाला मर्यादा असे. पिशवी भरायची सहा किलो. "माणसं फिरतील, हा नाही फिरायचा," असं म्हणत त्या माझी तबकडी फडक्याने पुसत.

मग मुख्य सर आले. संघ जिंकू लागला, सरांचे फोटो भिंतीवर चढले आणि दाराची कडी आतून लागू लागली. सर एकेका मुलीला एकटीला बोलवत. ती डोळे पुसत बाहेर जाई. शेवटी गोलरक्षक मुलीने संघटनेच्या अध्यक्षबाईंना पत्र लिहिलं. बंद खोलीत एकटीला बोलावू नये, घालूनपाडून बोलू नये, एवढंच तिचं मागणं होतं. उत्तर आलं नाही. सरांना मात्र पत्राची बातमी लागली.

गोलरक्षकाचं वजन चौसष्ट किलोंच्या वर गेलं तर ती संघाबाहेर, असा नियम होता. ही मुलगी होती साडेबासष्ट. ती बाहेर बूट काढत होती, तेवढ्यात सरांनी माझी चकती फिरवली. मग तिला भिंतीकडे तोंड करून माझ्यावर उभं केलं आणि नंतर वळायला सांगितलं. मी साडेचौसष्ट दाखवत होतो.

"पण सर, मी तर नेहमीएवढंच जेवते."

"मग काटा खोटं बोलतो का? वहीत सही कर. पुढच्या आठवड्यात बघू. आणि पत्रं लिहिण्यापेक्षा मैदानाला चार फेऱ्या जास्त मार."

मला तोंड नाही. आहे तो एक आकडा, आणि तोही त्यांच्या मुठीत होता. ती जेवण कमी करत गेली. तिचं वजन जितकं उतरे तितकी सर चकती पुढे सरकवत, आणि ती गेली की परत शून्यावर आणत. असे अकरा आठवडे गेले. तिच्या गालांची हाडं वर आली, तरी सगळ्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला, डोळ्यांवर नाही. तिनेसुद्धा.

अकराव्या शनिवारी सरांचा फोन वाजला आणि बोलत बोलत ते बाहेर पडले. चकती तशीच राहिली. मागोमाग मावशी आल्या. पिशवी आधी आणि चष्मा नंतर, ही त्यांची सवय.

"साडेबारा? चेंडूंनी काय जेवणावर ताव मारला?"

त्यांनी पिशवी उचलली. काटा साडेसहावरच थांबला. मावशींचं हसू मावळलं. त्यांनी मोबाइलवर माझा फोटो काढला आणि थेट त्या मुलीकडे गेल्या. "पोरी, तू नाही वाढलीस. हा वाढलाय."

मुलीने तो फोटो अध्यक्षबाईंना पाठवला. सोमवारी सकाळी त्या आल्या.

"काटा म्हातारा झालाय, मॅडम," सर म्हणाले. "भंगारात काढू."

"बरोबर आहे. घरातलं घरातच मिटवू. उगाच बभ्रा नको."

पाना आला. दोन बोल्ट निघाले. भंगारात मी एकटा जाणार नव्हतो, तिचा खरेपणाही माझ्याबरोबर जाणार होता. इतक्यात मावशी माझ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"नव्वद किलोंची आहे मी. आधी मला उचला. वजनमापाच्या ऑफिसात फोन केलाय, तिथल्या बाई येईपर्यंत मी हलायची नाही."

दाराबाहेर सगळा संघ येऊन उभा राहिला होता. सरावाला कुणीच गेलं नव्हतं.

दुपारी निरीक्षक बाई आल्या. त्यांनी बोल्ट पुन्हा आवळून घेतले, मला शून्यावर आणलं आणि वीस किलोंचं प्रमाण वजन तीनदा ठेवलं. तिन्ही वेळा वीस.

"काटा धडधाकट आहे," मावशींनी काढलेला फोटो बघत त्या म्हणाल्या. "शून्य आपोआप इतकं सरकत नाही. वहीतल्या या अकरा नोंदी कुणी घेतल्या?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडून खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या. "चौकशी होईपर्यंत मैदानावर यायचं नाही."

"आणि माझं पत्र, मॅडम?" मुलीने विचारलं.

अध्यक्षबाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. आकडा वाचण्याआधी शून्य बघा, आणि ते शून्य कुणाच्या हातात आहे तेही बघा. आम्हाला बोलता येत नाही. कुणीतरी आमच्या वतीने विचारावं लागतं.

निरीक्षक बाईंनी दार सताड उघडं ठेवलं आणि मुलीला बोलावलं. "ये. तबकडीकडे बघून चढ."

ती चढली. काटा सत्तावन्न किलो नऊशे ग्रॅमवर थांबला.