पहिला पेपर उघड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि माझी जीभ जन्मापासून तिखट आहे. शनिवार पेठेतल्या एका रंगाऱ्याने सागाच्या उरलेल्या फळीवर मला रंगवले: ‘चपला बाहेर काढाव्यात. आत आणल्यास परत मिळणार नाहीत.’ कोथरूडला पियुषसरांच्या फिजिक्सच्या क्लासच्या दारावर मी नऊ वर्षे होते. लोक मला वाचून हसायचे आणि चपलांसकट आत जायचे.

सर शिकवायचे फार सुंदर. पण शिकवायला लागले की घड्याळ विसरायचे आणि पेपर तपासायचे म्हटले की त्यांना सगळे जग आठवायचे. उत्तरपत्रिका फ्रीजवर, स्कूटरच्या डिकीत, कुठेही सापडायच्या. त्यांच्या आई मथुराबाई त्यांना आळशी म्हणत. सर स्वतःला त्याहून वाईट म्हणत. मुले एकेक करून क्लास सोडू लागली.

छत्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितले की हा आळस नाही, हे एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि काम सुरू करण्याची अडचण, लहानपणापासूनची. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर आठवड्याला कर्वेनगरला समुपदेशक शेफालीताईंकडे सवयी घडवण्याचे उपचार सुरू झाले. काम जिथे करायचे तिथेच ते डोळ्यांसमोर लिहा, असे त्यांनी सांगितले. सरांनी मला दारावरून उतरवले, माझी पाठ काळी रंगवली, टेबलासमोर टांगले आणि खडूने एकतीस कामे लिहून काढली. ती वाचून झाल्यावर सर स्कूटर धुवायला निघून गेले.

शेफालीताईंनी माझा फोटो पाहिला. “ही पाटी रागावतेच आहे,” त्या म्हणाल्या. “एकच ओळ ठेवा. इतकी छोटी, की नाही म्हणायला लाज वाटेल.”

मला राग आला. रागावणे हा तर माझा धंदा होता! पण सरांनी मला पुसले आणि लिहिले: ‘पहिला पेपर उघड.’

त्याच आठवड्यात क्लासमधल्या राजनंदिनीचे वडील नागोराव चपला न काढताच आत आले. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. येत्या सोमवारी सराव परीक्षेचे तपासलेले पेपर मिळाले नाहीत, तर मुलीचे नाव क्लासमधून काढतो, आणि बाकीचे पालकही तेच म्हणताहेत, असे त्यांनी बजावले. पेपर चव्वेचाळीस होते. सर बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग त्यांनी पहिला पेपर उघडला.

पाच पेपर झाले की चहा, असा नेम ठरला. समोर मथुराबाई मटार सोलत बसायच्या. नुसते सोबत बसायचे, बोलायचे नाही, असे शेफालीताईंनी सांगितले होते. सरांच्या कामापेक्षा हे काम अवघड होते, पण माउलीने निभावले.

गुरुवारी घोटाळा झाला. सर दिवसभर पंखा दुरुस्त करत बसले. पूर्वी त्यांनी ‘आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून सगळेच सोडून दिले असते. शुक्रवारी सकाळी त्यांनी तीच ओळ माझ्यावर पुन्हा ठळक गिरवली. रविवारी संध्याकाळी चव्वेचाळिसावा पेपर झाला, तेव्हा मथुराबाईंना राहवले नाही. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मला तर खिळ्यावर नाचावेसे वाटले.

सोमवारी नागोराव दारात उभे राहून लेकीचा पेपर चाळत होते. प्रत्येक चुकीशेजारी लाल शाईत नीट समजावून लिहिलेले होते.

“म्हणजे येत होतं तुम्हाला,” ते म्हणाले.

“येत होतं,” सर म्हणाले. “सुरुवात होत नव्हती.”

नागोरावांनी पेपरची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यांनी बाहेरच चपला काढल्या आणि चहाला आत येऊन बसले. दारावर तर आता पाटीच नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे कुणी असेल, तर त्याला बोल लावू नका. पहिली पायरी दाखवा आणि शेजारी बसा. माझे ऐका. नऊ वर्षे रागावून मला एकही चप्पल उतरवता आली नव्हती.