किटलीची सावली

दादाची खुर्ची, शेजारची चहाच्या किटलीची तिपाई आणि कॅमेऱ्याचा स्टँड, तिन्हींच्या जागा तिने फरशीवर खडूने आखून ठेवल्या होत्या. दर रविवारी चार वाजता दादा गॅलरीच्या दाराशी चहा घेत बसायचा आणि ती मागच्या भिंतीवरच्या त्याच्या सावलीचा फोटो काढायची. फोटोवर पट्टीने मापं घेऊन त्यावरून मग चित्र. चेहरा कधीच नाही. आठवडाभर घड्याळं दुरुस्त करून मान आखडलेला दादा कुरकुर करत नसे. माझ्या सावलीलाही घोटभर विचार, एवढंच म्हणायचा.

चौदाव्या रविवारी सावली बारीक झालेली तिला दिसली. त्याच सुमाराला वहिनी म्हणाली, ह्यांचे शर्ट अंगात लोंबायला लागलेत, डॉक्टरांना दाखवू या. दादाने उडवून लावलं. ही दर आठवड्याला मला पट्टी लावते, हिलाच विचार म्हणाला. तिने कागदावर सूर्य, दार आणि भिंत काढून वहिनीला समजावलं, की ऋतू बदलला की ऊन सरकतं, कोन बदलतो आणि सावली अरुंद पडते. वहिनीने कागद पाहिला आणि पुन्हा विषय काढला नाही.

नऊ आठवड्यांनी दादा दुकानातच कोसळला. पोटातली गाठ पसरली होती. दोन महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्याला घरी न्यायला सांगितलं.

घरी आल्यावर तिने पहिला आणि शेवटचा फोटो शेजारीशेजारी ठेवले. पहिल्यात दादाचे खांदे नऊ सेंटिमीटर, शेवटच्यात सात. मग पट्टी तिपाईवरच्या किटलीच्या सावलीला लावली. चित्रात ती किटली कधी घेत नसे, त्यामुळे मोजायचा प्रश्नच आला नव्हता. पहिल्यात तीन. शेवटच्यातही तीन. तिने पुन्हा मोजलं. ऊन सरकलं असतं, तर किटलीही बारीक झाली असती.

वहिनी औषधाची वाटी घेऊन दारात उभी होती. फोटो, पट्टी, सगळं तिने पाहिलं.

“वन्सं, खरं सांगा. तेव्हा कळण्यासारखं होतं?”

“होतं. मी किटली मोजली नाही.”

वाटीवर झाकण ठेवून वहिनी आत गेली.

रविवारी दादा हट्टाला पेटला, मला खुर्चीत बसवा. दोघींनी त्याला उचललं. तो कलंडू नये म्हणून वहिनीने दोन्ही बाजूंना उशा खोचल्या. चार वाजले. भिंतीवर उशांसकट रुंद, भरदार सावली पडली, अगदी पहिल्या रविवारसारखी.

“बघ, सुधारलो की नाही,” दादा म्हणाला. “काढ लवकर.”

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. वहिनीने गॅलरीच्या दाराचा पडदा ओढून ऊन अडवलं.