शेषाची कात आणि मेथीची जुडी

२०२३ सालची गोष्ट. इंदिरानगरातल्या एका मंगल कार्यालयात चिमाजी महाराजाने दुकान मांडलं होतं. तिथे पूर्वी पेरूची बाग होती. पेरू निदान खाता तरी यायचे.

महाराजाकडे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, वाकणारी पट्टी होती. "साक्षात शेषाची कात, माई. कात बोलते, मी नाही." पट्टी तळहातावर ठेवली की तारेने जोडलेला दिवा लाल व्हायचा. म्हणजे बाधा. मग महाराज हातावर विभूती चोळायचा, झटकायचा, पट्टी पुन्हा ठेवायचा. दिवा हिरवा. गर्दी हात जोडायची. त्यात इंजिनिअरही होते.

माझी धाकटी जाऊ भागुबाई मळ्यातली मेथी विकते. जुड्यांवर पाणी शिंपडून तिचे हात कायम ओले. तिला मधुमेह, आणि तेव्हा पायाला एक न भरणारी जखम होती. तिचा दिवा लाल, विभूतीनंतर हिरवा. महाराज म्हणाला, "साखर गेली. सुई बंद." तिने इन्सुलिन सोडलं. थोड्याच दिवसांत पायाची जखम काळी पडली.

"भागू, दवाखान्यात चल."

"आक्का, हिरवा दिवा तुम्ही बी पाह्यला ना?"

"पाहिला. घोटीत लहानपणी लिंबातून रक्त काढणारा भगतही पाहिलाय. सुरीला जास्वंद चोळलेली असायची, लिंबाच्या रसाने ती लाल व्हायची."

"मंग कातीलाच इचारू."

तिची मुलगी प्रतिभा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. आम्ही तिघी गेलो. मी पट्टी उचलून भागूच्या ओल्या जुडीवर दाबली. दिवा लाल.

"महाराज, मेथीला कुणाची बाधा?"

"विटाळ झालाय."

प्रतिभाने कालची सुकलेली जुडी पुढे केली. दिवा हिरवा. "ही विभूतीशिवायच सुटली बघा."

भागुबाईने पदराला हात कोरडा पुसून पट्टी ठेवली. हिरवा. तोच हात महाराजापुढच्या तीर्थाच्या भांड्यात बुडवला. लाल. तिने पट्टी महाराजापुढे टाकली. "प्रतिभा, दवाखान्यात ने मला."

प्रतिभाने जाता जाता सगळ्यांना सांगितलं, "हा ओलावा ओळखणारा लवचीक सेन्सर आहे. यात सेंद्रिय ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे बारीक खटके, असतात. सिलिकॉनऐवजी कार्बनच्या संयुगांचे, शाईसारखे प्लॅस्टिकवर छापलेले. ओल लागली की त्यांतला विजेचा प्रवाह बदलतो आणि दिव्याचा रंगही. राख घाम टिपते, एवढंच. रक्तातली साखर याला कळत नाही."

भागुबाईची दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. ती आजही मेथी विकते. प्रतिभा तसलीच पट्टी वर्गात दाखवते. चिमाजीवर गुन्हा दाखल झाला. जामिनावर सुटून तो आता दुसऱ्या तालुक्यात चुंबकाच्या पादुका विकतो. इंजिनिअर म्हणतात, आम्हाला आधीच संशय होता.

दिवा लागला, तर कशाने लागला एवढं विचारा. आणि सुई बंद करायची की नाही, ते डॉक्टरला विचारा.