विशेष आभार

"ताई, तुम्ही तर घरच्याच," असं म्हणत शिल्पकाराने प्रदर्शनाच्या दालनाच्या पुठ्ठ्याच्या नमुन्यातून तिची चार चित्रं चिमटीत उचलली आणि टेबलावर बाजूला ठेवली. नखाएवढे चार कागद. "माझ्या कामाला मागची अख्खी भिंत लागणार."

ताई बघत राहिली. तो नमुना तिनेच केला होता. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची ती जागाही मालकाकडे सहा खेपा घालून तिनेच मिळवली होती. इस्पितळात दिवसभर एक्स-रे काढून झाले की ती इथे येई, भिंती मोजी, पोपडे खरवडी. गॅलरीवाले दारात उभं करत नाहीत, म्हणून 'आपलं प्रदर्शन आपणच भरवू' म्हणत जमलेले हे नऊ जण.

"मला आधी विचारायचं तरी!"

"विचारतोच आहोत की. कुणाची हरकत?"

तिनेच या गटात आणलेली मैत्रीण फोनमध्ये डोकं खुपसून बसली.

"तुम्ही समजून घ्याल, माहितीये," शिल्पकार म्हणाला.

समजून घे. चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वडील हेच म्हणाले होते. आई अंथरुणाला खिळली होती. रंगांची खोली दिराला दिली तेव्हा नवराही हेच म्हणाला. मग एकतीस वर्षं ती ओट्यावर कागद पसरून रंगवत आली. एक्स-रेच्या दाराबाहेर बाकावर ताटकळणारी माणसं. ही चार चित्रं त्यांचीच होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी उरलेल्यांची कामं तिनेच टांगली, सगळी एका रेषेत. शब्द दिला होता म्हणून.

उद्घाटनाच्या सकाळी छापखान्यातून तीनशे पत्रकं आली. कलावंतांची आठ नावं ठळक. तळाशी बारीक अक्षरांत तिचं नाव आणि पुढे : 'विशेष आभार (चहापान व इतर मदत)'.

चहापान! कपभर चहा केला नव्हता तिने इथे.

दाराशी बसून तिने जाड काळं पेन काढलं आणि एकेका पत्रकावरची ती ओळ खोडायला घेतली. शिल्पकार धावत आला.

"अहो, हे काय चालवलंय? पाहुणे यायची वेळ झाली!"

"माझं नाव आहे. मी खोडतेय."

"एवढ्याशा गोष्टीचा इतका राग?"

"एवढीशी असती तर तुम्ही धावत आला नसतात."

त्याने गठ्ठ्यावर हात ठेवला. "हात काढा," ती म्हणाली. पेशंटला 'श्वास रोखा' सांगावं, तसल्या आवाजात. त्याने हात काढला.

मैत्रीण वाकून कुजबुजली, "मी करू का थोडी?"

"नको. बोलायचं तेव्हा बोलली नाहीस."

तीनशेच्या तीनशे झाली तेव्हा पाहुणे आत शिरू लागले होते. एका म्हातारीने पत्रक खिडकीच्या उजेडात धरलं, चष्मा वर-खाली केला.

"इथे कुणाचं नाव होतं हो?" तिने शिल्पकाराला विचारलं. तो भिंतीकडे बघू लागला.

ताईने कोपऱ्यात ठेवलेली आपली चार चित्रं चादरीत बांधली आणि बस पकडली. बसायला जागा होती. पण मांडीवर आडवी धरली तर कोपरे चेपले असते. घर येईपर्यंत ती त्यांना छातीशी धरून उभीच राहिली.