नलूची हाडांची पेटी

मित्रांनो, मुलींच्या वसतिगृहातल्या कोपऱ्यातल्या पलंगाखाली वाकून पाहिलेत, तर एक पेटी दिसेल. रंग उडालेला, एक कडी गेलेली, झाकण तिरके आणि पाठीवर काळी परदेशी अक्षरे. ती मी. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात काय आहे हे कळले, तर तुमच्यातले निम्मे मागे सरतील. सरू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

माझे लाकूड रशियाचे. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिकडून मोठमोठ्या खोक्यांत बसून यंत्रे यायची. मी त्यांतल्याच एका खोक्याच्या फळ्या. समुद्र ओलांडला, मालगाडीत अंग खिळखिळे करून घेतले आणि एके दिवशी भिलाईच्या लाल मुरुमावर उतरले. इथले लोक मला देवदार म्हणत. मी तो नव्हे, पण पाहुण्याने फार नखरे करू नयेत म्हणून गप्प राहिले.

यंत्र बाहेर निघाले, खोके फुटले आणि आमची किंमत सरपणाएवढी झाली. मी चुलीत जायची ती वाचले देवाजी मेश्रामांमुळे. जड यंत्रे दोरखंडांनी खाली उतरवणाऱ्या टोळीत ते काम करत. साहेबांना विचारून त्यांनी आम्हा चार फळ्या घरी नेल्या आणि खोक्याच्याच लोखंडी पट्टीच्या बिजागऱ्या करून माझी पेटी ठोकली. सुतारकाम त्यांना येत नव्हते, हे माझ्या झाकणाकडे पाहून कोणीही सांगेल. पण लेकीच्या पुस्तकांना जागा हवी होती, आणि बापाने ती करून दिली.

लेक म्हणजे नलू. ती माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि माझ्यावर वही ठेवून लिही. पाहुणा आला की मी खुर्ची होई. ऊन चांगले पडले की नलूची आई मनकर्णा माझ्यावर पापड वाळत घाली. रशियाहून इतक्या लांब येऊन पापड वाळवायचे! पण खरे सांगते, त्या घरात मला कधी कमीपणा वाटला नाही.

हे कुटुंब भंडाऱ्याकडचे, जातीने महार. गावात कोणाचेही जनावर मेले की ते ओढून न्यायचे काम त्यांच्या वस्तीवर लादलेले असे. एके वर्षी वस्तीने ठरवले, आता नाही. मग गावाने विहिरीची वाट बंद केली, मजुरी बंद केली, दुकानदार मीठसुद्धा देईना. तेव्हा देवाजी आणि मनकर्णा लहानग्या नलूला घेऊन भिलाईला आले. इथे कारखान्याला हात हवे होते, जात कोणी पहिल्या दिवशी विचारत नव्हते. मनकर्णाने मात्र एक गोष्ट मनाशी घट्ट बांधून ठेवली होती. घरात हाडूक राहू द्यायचे नाही. कधी मटण शिजलेच, तर जेवण होताच ती हाडे लांब नेऊन पुरून येई आणि मगच पाणी पिई.

नलू शिकत गेली. आधी मजुरांच्या कॅम्पातल्या झोपडीत, मग कारखान्याने बांधलेल्या सेक्टरातल्या क्वार्टरात. रायपूरला डॉक्टरीचे कॉलेज निघाले होते. मागास जातींसाठी तिथे काही जागा राखीव होत्या आणि त्यातल्या एका जागेवर नलूची निवड झाली. देवाजींनी अख्ख्या ओळीत पेढे वाटले. शेजारच्या शामरावांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“आमच्या नरहरीले मार्क जास्त होते, देवाजी,” ते म्हणाले. “त्याले नाही भेटली जागा.”

शामरावांचे दुःख खोटे नव्हते. देवाजी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी वळले. घरी आल्यावर माझ्यावर बसून बायकोला म्हणाले, “दवाखान्यात झाडनारा आपल्यातला हाय. मुर्दे उचलनारा आपल्यातला हाय. डॉक्टर कावून नाही, हे आजपावतर कोणी इचारलं का?”

मनकर्णाने डोळे पुसले आणि मला आतून-बाहेरून पुसून नलूचे कपडे माझ्यात भरले. देवाजींनी मला खांद्यावर घेऊन स्टेशनवर नेले, आणि अशी मी रायपूरला आले.

तिथे पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना माणसाची हाडे ओळखायला शिकावे लागे, आणि खरी हाडे हातात घेतल्याशिवाय ते येत नसे. वरच्या वर्गातली मुलगी आपला हाडांचा संच खालच्या वर्गातल्या मुलीला देई, तशी तिथे रीतच होती. नलूला असा अर्धा सांगाडा मिळाला. तिने कपडे खुंटीला टांगले आणि हाडे माझ्यात ठेवली. मित्रांनो, मी यंत्र सांभाळले होते, पुस्तके सांभाळली होती. आता एक माणूस सांभाळायचा होता. त्याचे नाव, गाव कोणाला ठाऊक नव्हते. मी मनात म्हटले, ये बाबा, जागा आहे.

एका संध्याकाळी मुली हाडे मांडून बसल्या होत्या. नलूने माझे झाकण उघडले आणि तिचा हात तिथेच थांबला. आईचे ते हाडे पुरून येणे तिच्या डोळ्यांपुढे आले असावे. शेजारच्या पलंगावरची विजया, दुर्गच्या एका वकिलांची मुलगी, हसत म्हणाली, “अगं, तू काय घाबरतेस? तुमच्या लोकांना तर हाडांची सवयच असते ना!”

मुली हसल्या. नलूही हसली. मग तिने माझे झाकण लावले आणि मला पलंगाखाली सरकवले. विजया वाईट मुलगी नव्हती, पण जिभेला हाड नसते म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यानंतर नलूने मला उघडलेच नाही. पुस्तकातले पान न् पान पाठ केले, पण हाडाला हात लावला नाही. व्हायचे तेच झाले. तोंडी परीक्षेत प्रोफेसरांनी तिच्या हातात एक हाड दिले आणि विचारले, डावे की उजवे? तिने ते टेबलावर ठेवून दिले. सगळे पाठ असून तिला शब्द सुचेना. प्रोफेसर म्हणाले, दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा विचारीन, तेव्हाही असेच झाले तर हे वर्ष वाया जाईल. बाहेर कोणीतरी कुजबुजले, राखीव जागेवर आले की हे असेच. खोलीवर येऊन ती माझ्या झाकणावर डोके ठेवून रडली. तिच्या आसवांची ओल मला लागली. लाकडाला ओल चांगली नसते, पण ती मी आनंदाने सोसली.

पुन्हा परीक्षा द्यायची होती म्हणून सुटीला ती मला घेऊन भिलाईला आली. आत काय आहे, हे घरी सांगायचा तिला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मळके कपडे धुवायला काढावेत म्हणून मनकर्णाने माझे झाकण उघडले.

“माय वो! हे काय आनलं वं पोरी?”

“माणसाची हाडं हायेत, माय. अभ्यासाची.”

“ज्याच्यापायी गाव सोडलं, तेच घरात? तुह्या आज्यानं उपाशी दिवस काढले, पन ढोराले हात लावला नाही. अन् तू हाडकं घेऊन आली?” मनकर्णाने मला फरफटत अंगणात नेऊन ठेवले.

“राहू दे बाहेरच,” नलू म्हणाली. “मी बी नाही जात आता रायपूरले. मले नाही जमून राहिलं, माय.” आणि मग तिने सगळे सांगून टाकले. विजयाचे बोलणे, ते हसणे, परीक्षा.

मनकर्णा भिंतीला टेकून बसली. देवाजी कारखान्यातल्या पाळीवरून आले, तेव्हा मी उन्हात होते आणि चूल थंड होती. सारे ऐकून त्यांनी मला आत नेण्यासाठी उचलायला हात घातला.

“थांबा,” मनकर्णा म्हणाली. मग नलूकडे वळली. “हे काम तिथं सगळ्याच पोरी करतेत?”

“सगळ्याच. वकिलाची बी, बामनाची बी.”

“अन् कोणी नाही म्हटलं, तर त्याले मारतेत? पानी बंद करतेत?”

“नाही, माय.”

“मंग ते अन् हे एक नाही.” मनकर्णा हळूहळू बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. “ते आपल्यावर लादलं होतं, म्हनून आपन टाकलं. हे तू मागून घेतलं. त्या पोरीले हे समजलं नाही. पन मले बी आताच समजून राहिलं.”

ती माझ्यासमोर येऊन बसली. पदर खोचून तिने हात आत घातला आणि एक लांब हाड बाहेर काढले.

“हे कुठचं?”

“दंडाचं. ह्यूमरस म्हणतेत.”

“मले नाव नको सांगू. माह्या हातावर दाखव.” तिने बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात पुढे केला.

नलूने हाड हातात घेतले. या वेळी आपणहून. आईच्या दंडाला ते लावून पाहिले. हाडाचे गोल डोके अंगाकडे, खालचा खोल खड्डा मागे, कोपराच्या बाजूला. आईचा दंड ऊबदार होता, कामाने टणक झालेला होता, आणि त्याच्या आत असेच एक हाड होते. नलूने आत हात घालून पुढचे हाडही काढले. सुटीभर मग हेच चालले. मनकर्णा कधी पाठ पुढे करी, कधी पाय. भाकरी थापतानाही विचारी, “आता हे मनगट कसं वळून राहिलं, सांग.” निघायच्या दिवशी तिने आपले जुने लुगडे फाडून एकेक हाड गुंडाळून ठेवले.

“याच्यासाठी कोणी रडलं असन का वं?” तिने विचारले. नलूने शेवटचे हाड माझ्यात अलगद ठेवले.

पुढचे मी विजयाच्याच तोंडून ऐकले. प्रोफेसरांनी हाड दिले. नलूने ते आपल्या दंडाला लावले. मुले हसली, पण ती थांबली नाही. “डावे,” म्हणाली, आणि का ते सांगितले. मग दुसरे, तिसरे. ती पास झाली.

“तुला कोणी शिकवलं गं?” विजयाने विचारले.

“आईने.”

“आई शिकलेली आहे?”

“नाही.” आणि नलूने तिला मेलेल्या जनावरांची, बंद केलेल्या विहिरीची सगळी हकीकत शांतपणे सांगितली. विजयाचा चेहरा उतरला. “मी ते बोलायला नको होतं,” ती म्हणाली. त्या दिवसापासून दोघी माझ्यावर एकच पुस्तक ठेवून वाचू लागल्या.

नलूचा हाडांचा अभ्यास संपला, तेव्हा संच पुढच्या मुलीला द्यायची वेळ आली. देवाजींचा जीव माझ्यात होता. ते मला परत न्यायला रायपूरला आले, सोबत मनकर्णाही आली. तिनेच त्यांना अडवले.

“रिकामी पेटी घरी नेऊन काय कराची? राहू द्या इथंच. आपल्यासारख्या अजून पोरी येतीन.”

आणि त्या आल्या, मित्रांनो. बस्तरची एक गोंड मुलगी आली, दुर्गजवळच्या खेड्यातली सतनामी मुलगी आली, कोष्ट्याची आली. नलू डॉक्टर होऊन गेली, तरी मी इथेच राहिले. मधली काही वर्षे मी माळ्यावर रंगाच्या डब्यांखाली पडून होते. एका कोपऱ्याला वाळवीही लागली. पण कोणी ना कोणी मला पुन्हा खाली काढते.

म्हणून एवढेच मागते. मला ओलीपासून जपा. आत जो माणूस आहे, त्याला पाय लावू नका, तो कोणाचा तरी होता. आणि मला उघडताना एखादी मुलगी अडखळली, तर ती राखीव जागेवर आली का हे विचारू नका, हसू तर मुळीच नका. तिच्याजवळ बसा, आणि आपला हात पुढे करा.