खुन्याची चाल

रेडिओ केंद्रातल्या इंजिनिअरचा सिनेमावाल्यांवर मुळातच राग होता. या लोकांना डोळे चार असतात आणि कान एकही नसतो, असं त्याचं ठाम मत. दुपारी दीड ते साडेचार या वेळात प्रक्षेपण बंद असायचं. तेवढ्या वेळात बारा दिवस एका रहस्यपटाचं चित्रीकरण आपल्या स्टुडिओत होणार आणि यंत्रांना धक्का लागू नये म्हणून त्याने तिथे राखणीला बसायचं, असं केंद्रप्रमुखांनी सांगितलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. पण हुकूम वरून आलेला. नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी सिनेमाचा सगळा लवाजमा एका टेम्पोत मावून आला. कॅमेरा एक, दिवे चार, आणि माणसं इतकी थोडी की दिवा धरणाराच मधूनमधून पोलीस व्हायचा. दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. तो खरोखरच पंधरा वर्षं शाळेत भूगोल शिकवत होता. नावाजलेले नट नाहीत, सेट उभारायची ऐपत नाही, म्हणून गोष्टच अशी लिहिली की ती रेडिओ केंद्राच्या बाहेर पडत नाही, असं त्याने हसत हसत सांगून टाकलं. हा माणूस आपल्याला आवडता कामा नये, असं इंजिनिअरने ठरवलं होतं. ते त्याला तीन दिवससुद्धा जमलं नाही.

गोष्ट साधी पण धारदार होती. एक निवेदिका माईकसमोर वाचत असते आणि वाचता वाचता तिचा खून होतो. हजारो लोक तो ऐकतात, पाहत कोणीच नाही. मग एक इन्स्पेक्टर येतो, सगळ्यांना पिंजून काढतो, आणि शेवटी कळतं की खुनी म्हणजे सर्वांशी गोड बोलणारा कार्यक्रम अधिकारी.

या अधिकाऱ्याचं काम करणारा नट धिप्पाड होता, मिशीवाला, भारदस्त आवाजाचा. कॅमेरा बंद असला तरी तो स्टुडिओत येरझाऱ्या घालत राहायचा. आणि एका कोपऱ्यात, डोळे मिटून, खुडबुडताई बसलेली असायची.

खुडबुडताई केंद्राचीच. रेडिओ-नाटकांना लागणारे आवाज ती करायची. तिच्याकडे एक छोटं सुटं दार होतं, त्याला तीन तऱ्हेच्या कड्या. खडीने भरलेलं एक तबक, किल्ल्यांचे जुडगे, फुटक्या कपबश्या, दहा-बारा जोडी जुनी पादत्राणं. दिवसभर काही ना काही खुडबुड चालायची, म्हणून हे नाव. अकरा वर्षं इंजिनिअर काचेपलीकडे बसून तिचे आवाज टेपवर घेत होता. पण मीटरचा काटा लाल रेघेच्या पुढे जात नाही ना, एवढंच तो बघायचा. मास्तरांनी तिला सल्ल्यासाठी बोलावलं होतं, आणि ही बाई दुपारची डुलकी काढते, असा इंजिनिअरचा समज झाला होता.

दहाव्या दिवशी घोळ झाला. मिशीवाला आलाच नाही. दोन वाजता त्याची चिठ्ठी आली. कुठल्याशा बड्या सिनेमात त्याला चांगलं काम मिळालं होतं आणि तो सकाळच्याच गाडीने परगावी गेला होता. राहिला होता फक्त शेवटचा प्रसंग. खुनी आपला पुरावा न्यायला स्टुडिओत परत येतो आणि पकडला जातो, तो.

मास्तर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. इंजिनिअरने आपणहून त्यांना चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. खुन्याने पत्रात कबुली दिली असं दाखवून सिनेमा उरकून टाकू, असं ते म्हणाले. बोलताना त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता. नऊ दिवस एकेका दिव्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस असा खचलेला इंजिनिअरला बघवेना.

तेवढ्यात खुडबुडताई बाहेर आली. पदराला हात पुसत तिने विचारलं, "मास्तर, तो दिसायलाच हवा का?"

"म्हणजे?"

"आमच्या नाटकात कोण कधी दिसलंय? स्टुडिओत अंधार ठेवा. इन्स्पेक्टर काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसू दे. माईक चालू आहे हे खुन्याला ठाऊक नाही. तो येतो, ते आपण इन्स्पेक्टरच्या तोंडावर बघायचं."

मास्तर पायरीवरून उठले. मग त्यांनी विचारलं, की येणार कोण, नट तर पळाला.

"त्याचे सिनेमातले बूट इथेच आहेत ना," ती म्हणाली. "नऊ दिवस ऐकतेय मी त्याला."

आणि तिने नऊ दिवसांची डुलकी उलगडून दाखवली. मिशीवाल्याची उजवी टाच आधी टेकते. डावा बूट किंचित घासतो, बहुधा त्याला तो सैल असावा. वळताना तो अर्धं पाऊल जास्त घेतो. इंजिनिअर ऐकत होता आणि मनातल्या मनात ओशाळत होता. तोच माणूस, तीच पावलं, नऊ दिवस त्याच्याही कानावरून गेली होती.

स्टुडिओतली सतरंजी गुंडाळून लाकडी फळ्या मोकळ्या केल्या. ताईने पायांना कापड गुंडाळून ते भले मोठे बूट चढवले. इंजिनिअरने काचेपलीकडून ऐकलं आणि मान हलवली. वजन नव्हतं. ती काडीपैलवान बाई, तिच्या चालीला खुनी कोण म्हणणार? वाचनालयातून शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आणून तिने काखेत धरले आणि पुन्हा चालली. आता पाऊल भरलं. तरीही तिचं समाधान होईना.

"ही त्याची रोजची चाल झाली," ती म्हणाली. "खून करून आलेल्या माणसाची नाही."

इंजिनिअरने सुचवलं, की मग जरा भरभर चालून बघा, घाबरलेला असणार तो.

"नाही हो भाऊ. घाबरलेला पळतो. हा लपवतोय. आपण नेहमीसारखे चालतोय ना, हे तो स्वतःच ऐकत असतो. म्हणून त्याचं प्रत्येक पाऊल केसभर उशिरा पडतं."

यावर मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ती वही बराच वेळ मिटलीच नाही.

चित्रीकरणाच्या वेळी ताईने एकच अट घातली. आपण कधी चालणार, कधी थांबणार, हे इन्स्पेक्टर झालेल्या नटाला आधी सांगायचं नाही. नियंत्रण कक्षात पडदे ओढले. टेबलाशी यंत्र चालवणारा कोणीतरी दिसायला हवा, म्हणून मास्तरांनी इंजिनिअरलाच बसवलं. कॅमेऱ्यात फक्त त्याचा हात येणार होता, बटणावर ठेवलेला.

काचेपलीकडे काळोख. हेडफोनमध्ये बराच वेळ काहीच नाही. मग दार. कडी अशी काढलेली, की काढणाऱ्याला तिचा आवाज नको आहे. मग उजवी टाच. पुढचं पाऊल जिथे पडायला हवं होतं तिथे पडलंच नाही, आणि इंजिनिअरचा श्वास अडकला, तेव्हा पडलं. डावा बूट घासला. आत ताई आहे, काखेत शब्दकोश आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्या मानेवर काटा आला. पावलं टेबलापर्यंत आली. खण उघडला. कागद सळसळले. आणि मग सगळं थांबलं. इतका वेळ थांबलं, की इन्स्पेक्टरच्या नटाने न राहवून काचेकडे पाहिलं. ते पाहणं कोणी शिकवलेलं नव्हतं.

मग त्या नटाने आत बोलायच्या माईकचं बटण दाबलं आणि आपलं शेवटचं वाक्य अगदी हळू म्हटलं.

"साहेब, माईक चालू आहे."

पलीकडे एक पाऊल उचललं गेलं आणि टेकलंच नाही. मास्तरांनी कॅमेरा थांबवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुडबुडताई अंधारातून बाहेर आली आणि हे शब्दकोश कोणीतरी धरा, हात भरून आले, म्हणाली.

चार महिन्यांनी सिनेमा लागला. एकाच चित्रपटगृहात, तोही दुपारच्या खेळाला. इंजिनिअर बायकोला घेऊन गेला. सिनेमात खोट काढायला जागा होती. एकच भिंत तीन खोल्यांत दिसत होती आणि पोलिसाच्या हातात एकदा चुकून दिव्याची वायर राहिली होती. पण शेवटच्या प्रसंगात मागच्या रांगेतलं खोकणारं माणूससुद्धा गप्प झालं. बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजली, "तो हात तुमचा." डोळे मिटून तो पावलं ऐकत राहिला.

तोंडोतोंडी बातमी पसरली आणि सिनेमा सात आठवडे चालला. वर्तमानपत्रांनी मिशीवाल्याला डोक्यावर घेतलं. पडद्यावर न दिसता निव्वळ चालीने अंगावर शहारे आणणारा नट, असं एकाने लिहिलं. इंजिनिअर ते कात्रण घेऊन तणतणत ताईकडे गेला. तिने वाचलं आणि लेखकाचे कान चांगले आहेत, एवढंच म्हणाली.

आणि मग एके दुपारी मिशीवाला स्वतःच केंद्रात हजर झाला. खाली मान घालून. नव्या सिनेमाच्या निर्मात्याला तीच चाल हवी होती, आणि ती याला काही केल्या येत नव्हती. इंजिनिअरला वाटलं, आता ताई याला चांगला फैलावर घेणार. तिने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"तुमचीच आहे ती," ती म्हणाली. "मी फक्त जपून ठेवली होती."

दीड तास तिने त्याला फळ्यांवर चालवलं. एवढा धिप्पाड माणूस, पण ती थांब म्हणाली की थांबायचा, आणि चुकला की शाळेतल्यासारखा परत दारापासून सुरुवात करायचा. इंजिनिअरने न सांगता माईक लावला आणि हेडफोन त्याच्या हातात दिला, म्हणजे त्याला आपलं पाऊल ऐकू यावं. जाताना त्याने ताईला वाकून नमस्कार केला. त्यात नाटक नव्हतं.

तो जिना उतरू लागला. दोघं दारात उभे राहून ऐकत होते.

"उजवा पाय अजून घाई करतोय," इंजिनिअर म्हणाला.

खुडबुडताईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि संध्याकाळच्या नाटकासाठी कपबश्या काढायला आत गेली.