घाटातले चार भोंगे

गयासने मागच्या चाकाशी उकिडवं बसून ब्रेकच्या ड्रमला तळवा लावला आणि झटकन मागे घेतला.

"मावशी, उतरा," तो खिडकीशी येऊन सारजाबाईला म्हणाला. "लई तापलंय."

कन्नडच्या घाटमाथ्यावरची ही जुनी रीत. औरंगाबादहून चाळीसगावला जाणारी निजामाच्या वेळची बस इथे थांबायची. उतारू पायवाटेने खाली जायचे, ड्रम निवला की गयास रिकामी गाडी हळूहळू उतरवायचा आणि चौथ्या वळणाखाली सगळे पुन्हा चढायचे. पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, तरी रीत मोडली नव्हती. उद्यापासून मात्र या म्हाताऱ्या गाड्या मोडीत निघणार होत्या. नव्या सर्व्हिसमध्ये कुठले ड्रायव्हर घ्यायचे ते ठरवायला इन्स्पेक्टर आप्पासाहेब पुढच्या बाकावर बसले होते.

"वेळापत्रकात हा थांबा नाही," ते घड्याळ बघत म्हणाले.

"साहब, अर्धा घंटा द्या. हात लावून बघा."

"असल्या लाडांनीच तुमची सर्व्हिस बुडाली. उतारू उतरले तर उतरू देत. मी बसून येणार. नोकरी पाहिजे ना?"

गयासच्या घरी सहा खाणारी तोंडं होती, हे सारजाबाईला ठाऊक होतं. तरी तिच्याने राहवलं नाही.

"गयास, नको चालवू रं. नोकरी गेली चुलीत."

"तुम्ही व्हा म्होरं, मावशी. येतो मी."

तिला त्याचा संताप आला. मग नुसतीच भीती वाटू लागली.

ती सगळ्यांबरोबर पायवाटेने उतरली आणि चौथ्या वळणाखाली नेहमीच्या दगडावर बसली. तिने चंची सोडली. प्रत्येक वळणावर गयास भोंगा वाजवायचा, आणि दोन भोंग्यांच्या मध्ये तिचं एक पान लावून व्हायचं. इतक्या वर्षांत त्यात कधी फरक पडला नव्हता.

पहिला भोंगा वाजला. तिने चुना लावला, सुपारी कातरली, पान दुमडलं. दुसरा वाजला. तिला जरा बरं वाटलं. पान तिने मेंढ्यांच्या बाजाराला निघालेल्या भिकनला दिलं आणि दुसरं हातात घेतलं.

चुन्याचं बोट पानाला टेकतंय तोच तिसरा वाजला.

"आज गयासभाई टायमात हाय!" रस्त्याच्या मधोमध उभा राहून भिकन हसला.

सारजाबाईने त्याच्या बंडीला धरून त्याला कडेच्या खडकावर ओढलं.

"सरका! समदे वर सरका!"

चंची रस्त्यातच सांडली. वर चौथा भोंगा सुरू झाला. तो थांबत नव्हता, आणि जवळ येत होता.